वरील माहिती खरी आहे

जव्हारच्या पावसाळ्यात भर दुपारीही वर्गात दिवे लावावे लागतात. सुमारे दीड हजार फूट उंचीच्या या पठारावर जून उतरला की धुके खिडकीतून सरळ आत येते, आणि फळ्यावरचे अक्षर मागच्या बाकांवरून दिसेनासे होते. अशाच एका दुपारी, २०१७ च्या आरंभी पदवीच्या शेवटच्या वर्षात असलेल्या आणि आता निकाल घेऊन परत आलेल्या तीसेक मुलामुलींपुढे मी उभी होते. फळ्यावर मी 'स्वपरिचयपत्र' असा शब्द लिहिला. तो लिहिताना मला थोडे समाधान वाटले होते, हे कबूल करते. मागून आवाज आला, "मॅडम, म्हणजे बायोडाटा ना?" वर्ग हसला. मीही हसले आणि शब्द पुसून टाकला.

मी मराठी शिकवते. नोकरीसाठी अर्ज कसा करावा, हे शिकवण्याचा अधिकार मला कुणी दिला असे विचाराल, तर त्याचे उत्तर फारसे गौरवास्पद नाही. महाविद्यालयाच्या मूल्यांकनासाठी रोजगार मार्गदर्शन कक्ष कागदोपत्री असणे आवश्यक होते. इतर समित्या इतरांच्या वाट्याला गेल्या होत्या. उरलेली ही एक माझ्याकडे आली. 'तुमचं लेखन चांगलं आहे, तुम्ही करा,' असे सांगण्यात आले. अर्ज हा लेखनाचाच प्रकार आहे, असे त्या वेळी मलाही वाटले.

मुलांनी आणलेले कागद मी वाचायला घेतले. एसटी स्थानकाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार नमुना मिळत असे. नाव, पत्ता आणि गुण तेवढे बदलायचे. त्यामुळे तीस मुलांचे जीवनध्येय एकच होते, तेही इंग्रजीत: आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या प्रगतीला हातभार लावणे. तिसांपैकी वीस जणांचा छंद संगीत ऐकणे हा होता. त्याखाली धर्म, जात, उंची, रक्तगट, वैवाहिक स्थिती. अर्धा कागद नोकरीचा आणि अर्धा लग्नाचा. मराठीने या दोन्ही बाजारांसाठी 'बायोडाटा' हा एकच शब्द का ठेवला असावा, याचा उलगडा मला तेव्हा झाला. दोन्हीकडे आपण पारखले जाण्यासाठी उभे असतो, आणि दोन्हीकडे कागद दुसऱ्याच कुणीतरी लिहिलेला असतो.

सर्वांत शेवटी, सहीच्या वर, एक वाक्य होते. मुलांनी ते वाचलेले नव्हते, कारण नमुन्यात ते आधीपासूनच छापलेले होते. मी ते मराठीत फळ्यावर लिहिले: 'वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे.' आणि मराठीच्या शिक्षिकेला शोभेल अशा उत्साहाने या वाक्यावर दहा मिनिटे बोलले. सही म्हणजे काय, शब्द देणे म्हणजे काय, वगैरे. त्या दहा मिनिटांची आठवण पुढे मला फार झोंबली.

*

या मुलांचे आणि कागदाचे नाते समजून घेतल्याशिवाय पुढची हकीकत नीट कळणार नाही.

जव्हार आणि मोखाडा हे दोन तालुके १ ऑगस्ट २०१४ रोजी नव्याने झालेल्या पालघर जिल्ह्यात आले. त्याआधी ते ठाण्यात होते. म्हणून या पिढीच्या दहावीच्या कागदांवर 'जिल्हा ठाणे' असते आणि पदवीच्या कागदांवर 'जिल्हा पालघर'. मूळ गाव न हलता जिल्हा हलला. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशा समाजांतल्या या मुलांना वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत दाखल्यांची चळत गोळा करावी लागते: जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, आणि पुढे जातवैधता प्रमाणपत्र. या पडताळणीसाठी महाराष्ट्रात २००० सालचा स्वतंत्र कायदाच आहे. त्यासाठी आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदी शोधाव्या लागतात, आणि पुष्कळदा आजोबा शाळेत गेलेलेच नसतात. दाखला या शब्दातच ती गोष्ट आली आहे. तो दुसऱ्याने द्यायचा असतो. मी कोण आहे हे तलाठी सांगतो, तहसीलदार सांगतो, मुख्याध्यापक सांगतात. मी फक्त रांगेत उभा असतो.

त्याही मागे गेलो तर कागद म्हणजे अंगठा. डहाणू, तलासरी, उंबरगाव या पट्ट्यात वेठीविरुद्ध १९४५ साली उभा राहिलेला वारल्यांचा लढा गोदावरी परुळेकर यांच्या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकामुळे मराठी वाचकांना परिचित आहे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर राबणारी माणसे त्या काळात या भागात होती. आपल्या नावाने कागदावर काय लिहिले आहे हे ठाऊक नसताना त्याखाली अंगठा उमटवणे, हा इथल्या आजोबांचा कागदाशी असलेला संबंध. या पार्श्वभूमीवर नोकरीचा अर्ज ही एक नवीच गोष्ट ठरते. ज्यात मी माझ्याविषयी स्वतः लिहितो आणि ते खरे आहे असे स्वतःच म्हणतो, असा हा बहुधा त्यांच्या आयुष्यातला पहिला कागद.

हे सर्व मी आज लिहिते आहे. २०१७ च्या जूनमध्ये मला एवढेच दिसत होते की कागदावर चुका फार आहेत आणि मुलांना नोकऱ्या हव्या आहेत. बहुतेकांचे डोळे सरकारी भरतीकडे लागलेले असत. ते साहजिकही होते. पण त्या वाटेवर किती थांबावे लागते हे आम्ही पाहत आलो आहोत. पेसा क्षेत्रातल्या भरतीत निवड होऊनही नियुक्तीसाठी २०२४ साली उमेदवारांना आंदोलने करावी लागली. मधल्या काळात पोट असतेच. मग तारापूरचे कारखाने, वाड्यातले उद्योग, नाशिकची औद्योगिक वसाहत, भिवंडीची गोदामे.

*

तो मुलगा मोखाड्याच्या पलीकडच्या एका पाड्यावरचा. मुंबईला पाणी देणारे मध्य वैतरणा धरण त्याच्याच तालुक्यात, आणि एप्रिल-मे महिन्यांत त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर पाण्यासाठी टँकरची वाट पाहिली जाते. बोलणे कमी, अक्षर उत्तम. बारावी २०१३ साली, पदवी २०१७ साली. मी हिशेब केला. एक वर्ष उरत होते.

"मॅडम, हे मधलं वर्ष काय लिहू?" त्यानेच विचारले.

"काय करत होतास?"

"घरी होतो." थोड्या वेळाने म्हणाला, "म्हणजे भट्टीवर होतो."

भट्टी म्हणजे वीटभट्टी, हे इथे सांगावे लागत नाही. भात आणि नागली घरात आली, दिवाळी झाली, की पाडेच्या पाडे रिकामे होतात. भिवंडी, कल्याण, वसई या बाजूंच्या भट्ट्यांवर कुटुंबे मुलाबाळांसह जातात आणि पावसाच्या आधी परततात. शेठकडून आधीच उचल घेतलेली असते. लग्न, आजारपण, पावसाळ्यातले रेशन, कशासाठीही. हंगामभर विटा पाडून ती फेडायची. माझ्या वर्गातल्या किती मुलांनी अशी उचल फेडली आहे, हे मी कधी विचारले नव्हते. दिवाळीनंतर हजेरी का घटते, हे मात्र मी दरवर्षी प्राचार्यांना लिहून देत होते.

मी त्याला म्हणाले, "ते नको लिहूस. वाचणाऱ्याचा उगाच वेगळा ग्रह होतो. संगणक प्रशिक्षण लिही. एमएस-सीआयटी केली आहेस ना?"

"ती नंतर केली, मॅडम. मागच्या वर्षी."

"कोण बघतंय?"

हे दोन शब्द मी सहज उच्चारले. त्यात दुष्टपणा नव्हता. कणवच होती असे मी आजही म्हणेन. मला त्याला वाचवायचे होते. कशापासून वाचवायचे होते, याचा विचार मात्र मी केला नव्हता. त्याने २०१३–१४ पुढे 'संगणक प्रशिक्षण' असे सुवाच्य अक्षरात लिहिले आणि खाली, मी दहा मिनिटे विवेचन केलेल्या वाक्याखाली, सही केली.

जुलै संपता संपता त्याच्या मित्राकडून मला कळले की तारापूरच्या एका कारखान्यात त्याची मुलाखत झाली आणि तिथे काहीतरी बिनसले. आवणी आटोपल्यावर, ऑगस्टमध्ये, तो महाविद्यालयात आला. त्याला आपण होऊन काही सांगायचे नव्हते. मीच विचारले.

"साहेबांनी प्रमाणपत्र पाहिलं. म्हणाले, यावर तर २०१६ आहे. मग २०१३ मध्ये कुठे होतास? मी गप्प बसलो."

"अरे, मग खरं का नाही सांगितलंस?"

"खाली सही होती ना, मॅडम. वरची माहिती खरी आहे म्हणून. भट्टीवर होतो असं सांगितलं असतं तर सही खोटी ठरली असती." मग खिडकीकडे पाहत म्हणाला, "आणि मॅडमनी लिहायला सांगितलं, असं कसं सांगणार?"

त्याने माझे नाव सांभाळले होते. बाहेर एवढ्या पावसाचा आवाज होता की मी उत्तर दिले नाही हे त्याच्या लक्षात आले नसावे, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली.

*

'कोण बघतंय' हे मी कुठून शिकले, हे मला चांगले ठाऊक आहे.

एम. ए. झाल्यानंतर काही वर्षे मी तासिका तत्त्वावर शिकवत होते. दर जूनला नवा अर्ज, नवी मुलाखत. दर एप्रिलला काम संपलेले. नोकरीत दोन नेमणुकांच्या मध्ये जो काळ जातो त्याला आपल्याकडे 'खंड' म्हणतात, आणि सेवा सलग ठरू नये म्हणून मुद्दाम पाडलेल्या खंडाला 'तांत्रिक खंड' असे भारदस्त नाव आहे. त्या काळात माझ्या बायोडाटात २००३–०४ या वर्षापुढे 'स्वतंत्र संशोधन' असे लिहिलेले असे. त्या वर्षी मी कसलेही संशोधन केले नव्हते. आईला पक्षाघात झाला होता. मी तिला उठवत होते, बसवत होते, भरवत होते, आणि रात्री ती झोपली की परीक्षेच्या तयारीची पुस्तके उघडून त्यांवर डोके टेकून झोपत होते. ते वर्ष मला लाजिरवाणे वाटत नव्हते. पण ते कोणत्या रकान्यात बसते हे मला कळत नव्हते. 'शैक्षणिक अर्हता' आणि 'अनुभव' यांच्यामध्ये 'आई' असा रकाना नसतो.

माझे ते खोटे खपले. एकाही मुलाखतीत कुणी विचारले नाही. आणि विचारले असते, तर मी पाच मिनिटे कोणत्याही विषयावर असे बोलू शकले असते की समितीला ते संशोधनच वाटले असते. इथेच माझी चूक होती. मी त्याला माझी युक्ती दिली. ती निभावून नेण्यासाठी लागणारे बाकीचे सामान माझ्यापाशी होते, त्याच्यापाशी नव्हते. मुलाखतीच्या खोलीत बेधडक बोलता येणे, समोरचा आपल्यासारखाच आहे असे वाटणे, गप्प बसण्याची वेळ आली तर हसून विषय बदलता येणे, ही शिदोरी पिढ्यान्‌पिढ्या साठत येते. खोटे बोलायलाही भांडवल लागते. त्याच्यापाशी होती ती एक वही, आणि तिच्याविषयी मी विचारलेच नव्हते.

*

त्या ऑगस्टमध्ये मी आमच्या परिचयातल्या एका गृहस्थांना फोन केला. त्यांनी कारखान्यांच्या कार्मिक विभागात अनेक वर्षे काढली होती. अर्ज कसा वाचता, असे त्यांना विचारले. ते म्हणाले, "ताई, एका कागदाला अर्धा मिनिट मिळतो. राहतो कुठे, येणार कसा, काय येतं, कुठे केलं. आम्ही काही खोटं शोधायला बसत नाही. आम्ही उपयोग शोधतो. खोटं मात्र आपोआप सापडतं, कारण तारखा बोलतात." मग थोडे थांबून त्यांनी विचारले, "भट्टीवर काय करत होता तो?"

हा प्रश्न मी त्याला विचारलाच नव्हता.

लिओनार्दो दा विंचीचे एक पत्र या संदर्भात नेहमी सांगितले जाते. १४८२ च्या सुमारास, तिशीतल्या लिओनार्दोने मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्यासाठी लिहिलेले. जगातला पहिला बायोडाटा, असे त्याचे कौतुक होते. त्यात तो क्रमांक घालून सांगतो की मला हलके पूल बांधता येतात, वेढ्याच्या वेळी खंदकातले पाणी काढता येते, तोफा करता येतात. चित्रकलेचा उल्लेख पार शेवटी. वाचणाऱ्याला युद्धाची चिंता आहे, हे ओळखून त्याने आपल्या गुणांचा क्रम लावला. हा धडा खराच आहे. पण त्यातल्या पुष्कळ गोष्टी तोवर त्याने प्रत्यक्षात केलेल्या नव्हत्या, हेही अभ्यासक सांगतात. म्हणजे पहिल्याच बायोडाटात उपयोग आणि बढाई शेजारी शेजारी बसली आहेत. लिओनार्दोला ते पचले. आमच्या मुलाने जे लपवले ते त्याने प्रत्यक्षात केलेले होते, आणि जे लिहिले ते केलेले नव्हते.

रेझ्युमे या फ्रेंच शब्दाचा अर्थ सारांश. करिक्युलम व्हायटे या लॅटिन शब्दांचा अर्थ आयुष्याचा ओघ, त्याची वाट. सारांश काढताना काही गळणारच; तो त्याचा धर्म आहे. पण वाटेतला टप्पाच उचलून तिथे दुसरा ठेवला तर तो सारांश राहत नाही. वर्गात साहित्यकृतीचा सारांश लिहायला मी इतकी वर्षे शिकवत होते, आणि तिथे ही चूक केली की मुलांचे गुण कापत होते.

*

पुन्हा बसलो. या वेळी कागद बाजूला ठेवून.

"भट्टीवर काय करायचास?"

"गारा करायचो. विटा पाडायचो."

"आणखी?"

"हिशेब ठेवायचो."

बारावी झालेला तो एकटाच होता. भट्टीवर मजुरी हजार विटांमागे ठरलेली. फुटलेल्या, पावसात भिजलेल्या विटा वजा. दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी शेठ खर्चीला पैसे देतो, ते उचलीत मिळवले जातात. हंगाम संपला की सगळ्याचा मिळून हिशेब होतो. तो शेठच्या वहीत असतो. ही वही मजुराला वाचता येत नाही, किंवा वाचायला मिळत नाही. उचल फिटली नाही असे तिथे निघाले की पुढच्या दिवाळीला पुन्हा तीच भट्टी. त्या वर्षी याने दोनशे पानी वही विकत घेतली आणि आपल्यासह सात कुटुंबांच्या विटा रोज संध्याकाळी मोजून लिहायला सुरुवात केली. तारीख, कुटुंब, पाडलेल्या, फुटलेल्या, खर्ची. हंगामाअखेरीस दोन वह्या शेजारी ठेवल्या तेव्हा सात घरांच्या मिळून अकरा हजार विटांचा फरक आला. दोन दिवस बसून ताळा केला. शेठने बहुतेक फरक मान्य केला.

"ती वही आहे?"

"आहे. बाबांनी पत्र्याच्या पेटीत ठेवलीय."

मी म्हणाले की हाच अनुभव आहे. गोदामात, कारखान्याच्या भांडारात, माल मोजून नोंदणे आणि नोंदींचा वहीशी मेळ घालणे याचाच पगार देतात. त्याला ते पटेना. "पण मॅडम, हे काम म्हणून कोण धरणार? पगारपत्रक नाही. कुणाचा दाखला नाही."

पुन्हा दाखला. मी वहीकडे बोट दाखवले, म्हणजे पेटीतल्या त्या न पाहिलेल्या वहीच्या दिशेने. तो घरी विचारून आला. वडिलांची हरकत नव्हती, पण एक अट होती: शेठचे नाव नको. नातलग अजून त्याच भट्टीवर जात होते. तेव्हा नाव गाळले. खरे लिहिण्यालाही अशी एक हद्द असते आणि ती नेहमी लिहिणाऱ्यानेच आखलेली असते असे नाही, हे मी त्या दिवशी शिकले.

त्या जागी अखेर जे लिहिले गेले ते असे: 'नोव्हेंबर २०१३ ते मे २०१४: भिवंडी तालुक्यातील वीटभट्टीवर कुटुंबासह काम. सात कुटुंबांच्या दैनंदिन उत्पादनाची मोजणी, नासाडीची नोंद व साप्ताहिक रकमेचा हिशेब. हंगामाअखेर मालकाच्या नोंदींशी ताळा; अकरा हजार नगांची तफावत शोधली. नोंदवही उपलब्ध.' वाक्ये माझी कमी, त्याचीच अधिक. 'नग' हा शब्द त्याने सुचवला. पुढे इंग्रजी प्रत करताना माझीच तारांबळ उडाली.

बाकीचा कागदही सुधारला. धर्म, जात, उंची, रक्तगट काढले. आरक्षणाचा संबंध येईल तिथे तो दाखल्यासह स्वतंत्र सांगता येतो. जीवनध्येय काढले. दोन फोन क्रमांक दिले, कारण पाड्यावर रेंज नसते, आणि बोलावणाऱ्याने एकदा फोन करून 'संपर्क क्षेत्राबाहेर' ऐकले की तो पुढच्या नावाकडे वळतो. दुसरा क्रमांक मोखाड्यात दुकान असलेल्या मामाचा, 'निरोप मिळेल' अशा टिपेसह. कामाच्या जागेजवळ राहण्याची तयारी आहे, हे पत्त्याखालीच लिहिले. सगळे एका पानात बसले.

गोष्ट इथे गोड होत नाही. त्याने पाच-सहा ठिकाणी अर्ज केले. तीन ठिकाणांहून उत्तर आले नाही. एके ठिकाणी 'वीटभट्टी?' असे मोठ्याने वाचून समोरचा हसला. तो म्हणाला, "या वेळी मी गप्प नाही बसलो, मॅडम. वही काढून टेबलावर ठेवली." तिथली नोकरी मिळाली नाही. पुढे भिवंडीच्या एका गोदामात पर्यवेक्षकाने ती वही खरोखरच चाळली आणि त्याला मालमोजणीच्या कामावर घेतले. ठेकेदारामार्फत, तुटपुंज्या पगारावर. नोकरी वहीमुळे लागली, की दिवाळीच्या तोंडावर गोदामाला माणसे हवीच होती म्हणून, हे मला ठरवता येत नाही. ज्या तालुक्यात त्याच्या घरच्यांनी विटा पाडल्या त्याच तालुक्यात तो आता खोकी मोजू लागला, एवढे खरे.

*

या घटनेनंतर मी दुसऱ्या टोकाला जाण्याचीही शक्यता होती. एका सहकाऱ्याने सुचवले की सगळ्यांच्याच कागदावर 'वारली चित्रकला' आणि 'तारपा नृत्य' लिहावे, कंपन्यांना आवडते. मी एका मुलीला विचारले. ती म्हणाली, "मॅडम, मला रेघसुद्धा सरळ येत नाही. लग्नाचा चौक माझी आत्या लिहिते." तिच्यावर चित्रकला लादणे हे त्याच्यावर संगणक प्रशिक्षण लादण्यासारखेच झाले असते. फरक एवढाच की हे खोटे पाहुण्यांना पाहायला अधिक सुंदर दिसले असते.

त्याच मुलीने 'अवगत भाषा' या रकान्यात मराठी, हिंदी, इंग्रजी असे लिहिले होते. घरी कोणती बोली बोलता, असे विचारले तर "वारली" म्हणाली. ती का नाही लिहिलीस? "ती कुठे भाषा आहे, मॅडम?" मराठीच्या शिक्षिकेला याहून मोठी चपराक कोणती? तिने आरोग्यविषयक काम करणाऱ्या एका संस्थेकडे अर्ज केला होता. तिथे पाड्यावरच्या बाईशी तिच्या बोलीत बोलता येणे ही पहिली अर्हता होती, आणि आमच्या शिकवण्याने तिने तीच गाळली होती.

आता झेरॉक्सच्या दुकानातला नमुना मागे पडला आहे. मुले मोबाइलवर कृत्रिम बुद्धिमत्तेकडून अर्ज लिहून आणतात. इंग्रजी निर्दोष, मांडणी सुबक. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी संगणकप्रणाली चाळते आणि जाहिरातीतले शब्द त्यात आहेत का ते पाहते, म्हणून ते शब्दही हुशारीने पेरलेले असतात. पण जीवनध्येय पुन्हा सगळ्यांचे सारखेच झाले आहे. यंत्राला जे सांगितले तेच ते सजवते; पत्र्याच्या पेटीत काय आहे हे त्याला विचारता येत नाही.

म्हणून मी जूनमध्ये फळ्यावर आता कोणताही शब्द लिहीत नाही. बारा चौकोन काढते, बारा महिन्यांचे, आणि मुलांना त्यांच्या वहीत तसेच काढायला सांगते. मागच्या वर्षी कोणत्या महिन्यात कुठे होतात आणि हातांनी काय केलेत, एवढेच भरायचे. पहिल्या दिवशी निम्मे चौकोन रिकामे राहतात किंवा त्यांत 'घरी' असे लिहिलेले असते. दुसऱ्या दिवशी 'घरी' या शब्दाखाली काय काय होते ते विचारते. धाकट्या तिघांना सांभाळणे, मोगऱ्याच्या कळ्या पहाटे खुडून वेळेत गाडीवर पोचवणे, बचत गटाचा हिशेब, आजोबांची पेन्शन बँकेतून काढून आणणे. सगळेच अर्जात जात नाही, जाऊही नये. पण गाळायचे काय हे ठरवण्याआधी ते एकदा लिहिलेले असावे.

२०१९ साली माझ्या पदोन्नतीच्या प्रस्तावासोबत मला स्वतःची माहिती नव्याने भरून द्यायची होती. २००३–०४ पुढे मी लिहिले: 'आईचे आजारपण. नोकरी नाही.' कार्यालयातले लिपिक ते वाचून म्हणाले, "मॅडम, जुन्या बायोडाटात इथे काहीतरी संशोधन होतं ना? हे कशाला लिहिलंत? कोण बघतंय?"

मी प्रपत्र त्यांच्याकडून परत घेतले. खाली तेच वाक्य छापलेले होते. त्याखाली सही केली.